रोज लांबचा पल्ला मारायचाय? मग कटकट न करणारी सायकल अशी निवडा

मी पुण्यात वारज्याहून हिंजवडीला सायकलने जातो, एका बाजूचे साधारण 18 किलोमीटर, म्हणजे महिन्याला आठशेच्या आसपास होतात. रोज एवढं चालवायचं तर सायकल किती भारी आहे यापेक्षा ती सकाळी साडेसातला खाली उतरल्यावर लगेच निघते का हे महत्त्वाचं. रविवारची हौसेची सायकल वेगळी आणि रोजची वेगळी.

माझी पहिली सायकल दिसायला मस्त होती, पुढे सस्पेन्शन, 21 गिअर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक. पहिल्याच पावसाळ्यात सस्पेन्शनमध्ये पाणी-माती जाऊन ते जाम झालं, पुढचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) अडकायला लागला आणि दुकानाच्या चकरा सुरू झाल्या. तेव्हापासून सायकल बघताना मी एकच हिशोब करतो, हिच्यात बिघडण्यासारखं काय काय आहे आणि त्यातलं मला खरंच काय काय लागतं.

सस्पेन्शन तर नकोच. चांदणी चौकाच्या चढाला उभं राहून पेडल मारलं की बराच जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो, आणि स्वस्तातलं सस्पेन्शन असतं पण दोन किलोच्या वर. साधा सरळ फोर्क घ्या, खड्डे टायर सांभाळतो. 700 बाय 35 ते 40 चा (म्हणजे 35 ते 40 मिलिमीटर रुंद) टायर आपल्या रस्त्यांना बरोबर बसतो, हवा माझ्या 70 किलो वजनाला 50-60 पीएसआय पुरते. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाडा असलेला बघा, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते, बारीक वॉल्व्ह असेल तर अडॅप्टर शोधत बसावं लागतं.

टायरवर मात्र पैसे वाचवू नका, आत पंक्चर न होण्यासाठी जाड पट्टी असलेला घ्या. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या बारीक, चालत्या सायकलवरून दिसणारच नाहीत. आणि पंक्चर झालंच तर नवीन ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवायचं, तार कुठे रुतलीय ते धागा अडकून कळतं, ती पकडीने ओढून काढली नाही तर नवीन ट्यूबही पाच मिनिटांत बसते. मी हे दोन ट्यूब घालवून शिकलोय.

गिअरचं म्हणाल तर रस्ता सपाट असेल तर सिंगल स्पीड सगळ्यात उत्तम, तिच्यात बिघडायला काही नसतंच. चढ असेल तर पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ गिअर, बास. मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत गिअर असलेल्या सायकली येतात, शिमानो नेक्सस वगैरे, आणि पाऊस-चिखलात त्या खरंच फार टिकतात, बेल्ट असेल तर तेलपण लागत नाही. पण तो हब उघडणारा माणूस तुमच्या भागात आहे का हे आधी विचारा. सात स्पीडची चेन आणि फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बहुतेक दुकानांत मिळतं, मला रोजच्यासाठी ते जास्त मोलाचं वाटतं.

चेन कधी बदलायची हे घरच्या स्टीलच्या पट्टीने कळतं. नवीन चेनच्या 12 पूर्ण कड्या (आतली आणि बाहेरची मिळून एक) बरोबर 12 इंच भरतात, एका पिनच्या मध्यापासून मोजायचं. एक-सोळांश इंच वाढली की बदला, एक-अष्टमांश होईपर्यंत ओढलीत तर फ्रीव्हीलचे दातेपण गेलेले असतात आणि खर्च दुप्पट. माझी चार-पाच महिन्यांत बदलायला येते, पावसाळ्यात लवकर.

ब्रेक मी व्ही-ब्रेक ठेवलेत, म्हणजे रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे, रबर स्वस्त आणि स्वतः बदलता येतात, फक्त पावसातल्या रेतीने रिम घासते ती अधूनमधून पुसायची. केबलवाले डिस्कपण चांगले, ऑइलचे नको.

मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत, पुढच्याला खाली रबरी फ्लॅप लावून घ्या, चेन आणि बीबीवर (पेडलच्या दांड्यांमधल्या बेअरिंगवर) उडणारं पाणी तिथेच थांबतं. फ्रेमला मडगार्ड-कॅरिअरची भोकं आहेत का बघून घ्या. बॅग कॅरिअरवर गेली की पाठ भिजत नाही. मागच्या चाकाला 36 तारा आणि डबल वॉल रिम असेल तर लॅपटॉपचं वजन आरामात पेलतं, आणि नवीन सायकल दोन-तीनशे किलोमीटर चालली की एकदा चाकाचा आउट काढून (तारा आवळून चाक सरळ करून) घ्याच, तारा तेव्हाच ढिल्या पडतात.

आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच मागचं चाक स्वतः काढून परत बसवून बघा, कुठला पाना लागतो, चेन कशी सोडवायची, सगळं तिथेच विचारून घ्या. दुकानदार थांबेल, त्याला सांगा की हे मला बावधनजवळ सर्व्हिस रोडवर पावसात एकट्याने करायचंय.