सिंथेटिक स्वेडचा पट्टा लवकर खराब होतो? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: घड्याळाच्या सिंथेटिक स्वेडच्या पट्ट्याला लेदर क्रीम किंवा पॉलिश लावणं. स्वेड म्हणजे मऊ लव असलेलं कातडं, पण सिंथेटिक स्वेड हे नुसतं तसं दिसणारं कापड, यात कातडं नसतंच. जपानच्या टोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये केसापेक्षा कितीतरी बारीक पॉलिस्टर तंतूंपासून अल्ट्रास्वेड हे सिंथेटिक स्वेड तयार केलं. इटलीच्या अल्कंटारा या अशाच कापडात साधारण ६८ टक्के पॉलिस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन (एक प्रकारचं प्लास्टिक) असतं. असल्या कापडावर क्रीमचं तेल मुरत नाही, लवेत बसून धूळ धरतं. याची देखभाल कापडासारखीच करायची.

एप्रिल-मेच्या उन्हात रोज दुचाकीवरून नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागात जाणाऱ्यांच्या पट्ट्यावर बकलजवळ आणि आतल्या बाजूला काळपट चकाकी येते. पट्टा झिजला म्हणून टाकून देऊ नका. बहुतेक वेळा घाम, अंगाचं तेल आणि सनस्क्रीन यांनी लव चिकटून आडवी पडलेली असते. पट्टा घड्याळापासून काढा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मग साध्या ओल्या फडक्याने साबण काढा, सावलीत सपाट ठेवून वाळवा आणि मऊ टूथब्रश हलक्या हाताने फिरवून लव उभी करा. ओला असताना जोरात घासलं तर बारीक गोळे धरतात. ते ओढू नका, छोट्या कात्रीने अलगद कापा.

पाणी लावण्याआधी पट्टा उलटा करून अस्तर मात्र बघाच. वर सिंथेटिक स्वेड आणि आत खरं लेदर, असे पट्टे भरपूर असतात. ते भिजवले की अस्तर कडक होतं, कधी सुटतंही. अशा पट्ट्याची फक्त वरची बाजू पुसा.

पावसाळ्यात ओला पट्टा पिशवीत गुंडाळून कपाटात टाकू नका. दमट उबेत पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होतं, चिकट किंवा ठिसूळ बनतं, आणि हे नुकसान भरून येत नाही. हेअर ड्रायरची गरम हवा आणि इस्त्रीही नकोच.

आपल्या नाशिकची रंगपंचमी वेगळी. रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारायची असेल तर घड्याळ घरी ठेवा, वॉटरप्रूफ असलं तरी. फिक्या पट्ट्याच्या लवेत बसलेला रंग पूर्ण निघेलच असं नाही, आणि ब्लीच लावलं तर मूळ रंगही जाईल.

मापातही लोक चुकतात. २० मिमीच्या जागेत २२ चा पट्टा कोंबला की कडा घासून विरतात.

खरेदी करताना पट्ट्याची कापलेली कड किंवा भोकाची कड नीट बघा. खालचं कापड वेगळं आणि वर नुसती लव चिकटवलेली दिसली, तर ते बारीक तंतूंचं, म्हणजे मायक्रोफायबर स्वेड नव्हे. त्याची लव गळून टक्कल पडलं की ब्रशने काही होत नाही, पट्टाच बदलावा लागतो.