आधी रांग मोजा, तत्त्व नंतर

एमबीएच्या पहिल्या वर्षात एक असाइनमेंट हमखास वाट्याला येते: एखाद्या व्यवसायाची सध्याची अडचण घ्या आणि तिला व्यवस्थापनाची तत्त्वं लावून दाखवा. मला ती मिळाली तेव्हा मी यंत्रांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंटर्न होतो. अडचण शोधायला फिरावं लागलं नाही. ग्राहकाला ‘तीन दिवसांत माल निघेल’ असं सांगायचे आणि ऑर्डर आठ-आठ दिवस हलायची नाही.

पहिल्या खेपेला मी सगळे करतात तेच केलं. फ्रेंच व्यवस्थापन-विचारवंत आँरी फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वं ओळीनं मांडली, प्रत्येकाखाली कंपनीबद्दल दोन वाक्यं चिकटवली आणि शेवटी ‘मनुष्यबळ वाढवावे, संवाद सुधारावा’ असं ठोकून दिलं. गाईडनी पानं चाळली आणि विचारलं, “यातलं कंपनीचं नाव बदललं तर काय बिघडेल?” काहीच बिघडत नव्हतं. रिपोर्ट परत.

मग मी नुसतं मोजायला बसलो. दोन आठवडे रोज किती ऑर्डर आल्या, किती गेल्या, किती पडून राहिल्या, एवढंच वहीत. रोज साधारण २० येत होत्या, २०च जात होत्या आणि १६० कायम अडकलेल्या. जॉन लिटल या अमेरिकन संशोधकांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतली सरासरी कामं म्हणजे कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येक कामाला लागणारा सरासरी वेळ. १६० भागिले २०, आठ दिवस. ग्राहक ओरडत होते ते बरोब्बर तेवढ्याच दिवसांसाठी. तीन दिवसांचं वचन पाळायचं तर रांगेत ६०च ऑर्डर हव्यात, हेही त्यातूनच निघालं. एक सांभाळा. हा नियम आवक-जावक जुळत असेल तरच चालतो. वीस येऊन अठराच जात असतील तर रांग फुगतच राहते आणि मग खरंच क्षमता कमी असते. माझ्याकडे तसं नव्हतं. म्हणजे माणसं पुरेशी होती, शंभर ऑर्डरची जुनी थकबाकी तेवढी रोज पुढे ढकलली जात होती. माझी ‘मनुष्यबळ वाढवावे’ ही शिफारस तिथेच निकालात निघाली.

आता ही रांग नेमकी कुठे उभी आहे? पॅकिंगवाले दुपारी तीननंतर मोकळे असायचे. फायली तुंबल्या होत्या दर-मंजुरीच्या टेबलावर. व्यवस्थापन-विचारवंत एलियाहू गोल्डरॅट यांचं म्हणणं असं की सगळ्या साखळीचा वेग सर्वांत अरुंद जागा ठरवते, बाकी ठिकाणी वाचवलेला तास फुकट. मी त्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून एक दिवस काढला. समोर ४० फायली, त्यातल्या ३१वर लाल ‘अर्जंट’ची चिठ्ठी! सेल्सचे तिघे दिवसभर फोन करायचे. कोणती फाईल आधी घेता, असं मी त्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “ज्याचा फोन शेवटचा, त्याची फाईल पहिली.” त्यामुळे अर्धी तपासलेली फाईल बाजूला, दुसरी उघडा, मग पुन्हा पहिली सुरुवातीपासून.

फेयॉल आठवावा तो इथे. आदेशातील एकवाक्यता, म्हणजे एका माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून. फेयॉल अनेक वर्षं खाण कंपनी चालवलेला इंजिनिअर होता, १९१६ साली त्यानं हे मांडलं ते अनुभवातून. पण नवखे लोक पुढचा भाग वाचत नाहीत. वरिष्ठांना माहीत असेल तर दोन विभागांतल्या समपातळीच्या माणसांनी थेट बोलायलाही तो मोकळीक देतो. म्हणून मी सेल्सचे फोन बंद करा असं लिहिलं नाही, आणि लिहिलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. माहितीसाठी फोन करा, पण फायलींचा क्रम फक्त डिस्पॅच प्रमुख लावतील, एवढंच सुचवलं. थकबाकीसाठी दोन शनिवार, मॅडमच्या मदतीला अकाउंट्समधला एक जण.

रांग ७८वर आली. म्हणजे जवळपास चार दिवस, तीन नाही. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री तो आकडा गोल करून ६० लिहायचा मोह झाला होता. लिहिला नाही ते बरं झालं, कारण परीक्षकांचे अर्धे प्रश्न ‘उरलेला एक दिवस कुठे जातो’ यावरच होते आणि त्याचं उत्तर वहीत होतं: ग्राहकाकडून ड्रॉइंगची खात्री यायला लागणारा वेळ, ज्यावर कंपनीचा ताबाच नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी त्या टेबलावर एकच लाल चिठ्ठी दिसली. डिस्पॅच प्रमुखांनी स्वतः लावलेली.