जुन्या तळीत नवे मासे सोडताय? या चुका टाळा

आमच्या फोंड्याच्या घरामागे चिऱ्यांची तळी आहे. तीत चार वर्षं सुखाने नांदलेले गोल्डफिश मी एका पिशवीपायी घालवले. विकत आणलेले सहा कोई (शोभेचे रंगीत मासे) पिशवीतल्या पाण्यासकट आत ओतले. नवव्या दिवशी मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले, तेही आधी जुन्या माशांच्या अंगावर.

नवा मासा धडधाकट दिसतो म्हणून फसू नका. तीन आठवडे त्याला मोठ्या पिंपात वेगळा ठेवा. हवेचा पंप लावा, वर जाळी बांधा, कारण कोई उडी मारतो. उबदार पाण्यात ठिपक्यांचा परजीवी आठवड्याच्या आत आपला फेरा पुरा करतो, त्यामुळे रोग असला तर तो पिंपातच उघडा पडतो. लिटरमागे 3 ग्रॅम मीठ दोन दिवसांत थोडंथोडं विरघळवलं तर माशाचा ताण हलका होतो. हे मीठ तळीत मात्र नको, कमळांना सोसत नाही. पिंपात मासे उचलायला वापरलेली हातजाळीही तळीत बुडवू नका. (मी बुडवली होती. पुन्हा तेच.)

मासे आणले की पिशवी आधी 15-20 मिनिटं पिंपातल्या पाण्यावर तरंगत ठेवायची, पण सावलीत. आपल्या उन्हात ती चहाच्या आधणासारखी तापते. लांबून आणली असेल तर उघडून तासभर ठेवू नका. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच (पाण्याची आम्लता-क्षारता मोजणारा आकडा) चढतो आणि माशांच्या घाणीतून साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. मासे जाळीने उचला, पाणी माडाच्या मुळाशी ओता.

पिंपातून तळीत एका वेळी दोन-तीनच मासे सोडा. घाण पचवणारे जिवाणू वाढायला आठवडे लागतात. पहिल्या दिवशी खाणं नको.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर प्राणवायू कमी पडलाय. रात्री शेवाळही तो वापरतं. पाणी उंचावरून पाडा, खाणं थांबवा, अमोनिया तपासा आणि चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचं असेल तर आधी क्लोरीन घालवा.

पावसाळ्यात पीएच घसरतो. तो सावरायला मी तिसऱ्यांचे (आपण खातो त्या शिंपल्यांचे) रिकामे शिंपले धुऊन, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरपाशी ठेवते. आणि तळी भरून वाहते त्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर तुमचे कोई व्हाळात (ओढ्यात) पोचतील.