नरारा-पिरोटनला जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

डिसेंबर जवळ आला की बडोद्यात दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत घरोघरी द्वारका-सोमनाथचे बेत शिजायला लागतात, आणि हल्ली त्यात जामनगरचं समुद्री राष्ट्रीय उद्यान हमखास घुसतं. बेत छानच आहे. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्याला ४२ बेटांच्या आसपास पसरलेलं हे देशातलं पहिलं समुद्री राष्ट्रीय उद्यान. १९८० साली अभयारण्य जाहीर झालं आणि १९८२ साली राष्ट्रीय उद्यान. इथली गंमत म्हणजे ओहोटीला समुद्र दूर सरकतो आणि उघड्या पडलेल्या प्रवाळातून, घोटाभर पाण्यातून आपण चक्क पायी फिरतो. काळजीचं कारणही तेच. जंगलात प्राणी आपल्यापासून पळतो, इथे तो आपल्या बुटाखाली असतो.

दिवस ठरवणं

रजा कधी मिळते यावर जायचा दिवस ठरवू नका. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस ओहोटी सगळ्यात खोल जाते. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं हटतच नाही. मग लोक दिसेल ते तुडवत पुढे पुढे जातात. भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं. दिवसाउजेडी ओहोटी कधी आहे ते त्यात बघा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातल्या आजोळी शिकलेला, भरतीची वेळ काढायचा ‘तिथीच्या पाऊणपट’ हिशेब इथे जसाच्या तसा लावू नका, आखातातल्या वेळा वेगळ्या पडतात. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा.

परवानगी

वनखात्याचा परवाना लागतो, ओळखपत्र बरोबर ठेवा. पिरोटन हे उद्यानातलं बेट, तिथे होडीने जावं लागतं. भरतीच्या पाण्यावर जायचं, पुढच्या भरतीला परतायचं. मधले तास बेटावरच. तिथली परवानगी नेहमी मिळतेच असं नाही, तेव्हा जामनगरच्या कार्यालयात आधी विचारा. लहान मुलं, ज्येष्ठ मंडळी असतील तर सरळ उद्यानातलंच नरारा गाठावं. जामनगरहून साठेक किलोमीटर, गाडी किनाऱ्यापर्यंत जाते.

सामान

चपला, फ्लोटर चालत नाहीत. चिखलात रुततात आणि मग तोल सावरायला हात नेमका प्रवाळावर पडतो. नाडीचे जुने बूट घाला. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी बरी, कारण काही क्रीममधली ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं प्रवाळाला बाधतात. लीलो चेवडो घ्याच, पण पाकीट फोडून स्टीलच्या डब्यात भरून. वाऱ्याने उडालेलं पाकीट तिथे कुणाच्याच हाती लागत नाही. प्यायचं पाणी भरपूर घ्या.

चालणं

ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेआधी दोनेक तास निघा. गाइडच्या मागे एका रांगेत चाला, पाय वाळूवर किंवा मोकळ्या चिखलावर टाका. जे दगडासारखं, मळकट हिरवं-तपकिरी दिसतं ते बहुतेकदा जिवंत पोवळं असतं. मेंदूसारख्या वळ्या असलेला एखादा गोळा वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो; तुम्ही फोटोसाठी ज्याच्यावर चढता तो तुमच्या आजोबांच्या वयाचा असू शकतो. किनाऱ्याजवळ चिखलातून खिळ्यांसारखे वर आलेले कोंब दिसतील. ती खारफुटीची श्वास घेणारी मुळं आहेत, त्यांनाही वळसा घाला. पाणी फिरलं असं गाइड म्हणाला की लगेच मागे फिरा. भरती समोरूनच येईल अशा भरवशावर राहू नका. ती चरांमधून तुमच्या पाठीमागून आलेली असते.

हात खिशात

सगळ्यात अवघड भाग हाच, आणि तो अवघड करतो आपलाच आग्रह. गाइड पाण्यात हात घालतो, फुगा मासा बाहेर काढतो, मासा टम्म फुगतो, मुलं टाळ्या वाजवतात. तो मासा खेळत नसतो, घाबरलेला असतो. पाण्यात तो पाणी गिळून फुगतो. हवेत धरला तर हवा गिळतो, आणि ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. ऑक्टोपस शाई सोडतो तीही भीतीनेच. समुद्रकाकडीला फार छेडलं तर ती स्वतःची आतडी बाहेर टाकते. गाइड हे करतो, कारण आधीच्या गटाने त्यासाठीच बक्षिशी दिलेली असते. तेव्हा सुरुवातीलाच आपल्या बडोद्याच्या गुजरातीत सांगून टाका, ‘रहेवा दो भाई, पाणीमां ज जोईशुं’ (राहू द्या, पाण्यातच बघू). मग दोन मिनिटं एका डबक्यापाशी नुसतं उभं राहा. सावली पाण्यावर पडू देऊ नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक खेकडा शेवाळ्यातून डोकावतो, मिटलेलं समुद्रफूल हळूहळू झुबके उघडतं, आणि वाळूच वाटलेला एक तुकडा सरकायला लागतो. दगड उलटू नका. त्याखाली सावलीत राहणारे जीव उन्हात मरतात.

शंख-शिंपले देवघरासाठीही उचलायचे नाहीत. रिकाम्या शंखात खेकडे बिऱ्हाड करतात, आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. ‘एकच तर घेतलाय’ हे तिथे चालत नाही.

पक्ष्यांचा थवा बसलेला दिसला तर लांबूनच बघा. उडतानाचा व्हिडिओ हवा म्हणून पोरांना त्यांच्यावर सोडणारे आईबाप मी पाहिलेत. हिवाळी पाहुण्यांची ती विश्रांतीची वेळ असते.

परतताना

पायाला प्रवाळ लागून कापलं असेल तर स्वच्छ पाण्याने नीट धुऊन आतली कच काढा, ती जखम चिघळते. जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं तर स्वतः ओढाताण न करता गाइडला किंवा वनरक्षकाला सांगा. आणि गाइडने काहीही न उचलता सगळं दाखवलं असेल, तर बक्षिशी नेहमीपेक्षा जास्त द्या, कशाबद्दल दिली तेही सांगा.