उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकताना

उजनीवर गळ टाकायचा असेल तर पहिली चक्कर मे महिन्यात, रिकाम्या हातानं मारा. धरण भरल्यावर जे दिसत नाही ते तेव्हा उघडं पडलेलं असतं: जुन्या शेतांचे बांध, ओढ्यांची पात्रं, विहिरी, बाभळीची खोडं. पळसदेवचं जुनं मंदिरही पाणी उतरलं की बाहेर येतं. बांध आणि ओढे मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा. पाणी चढलं की मासा यांच्याच कडेनं चरतो. खोडांची जागाही टिपा, म्हणजे तिथं गळ अडकून तुटणार नाही.

रोहूसाठी ०.३५ मिमी तंगूस (नायलॉनची दोरी) आणि ६ नंबरचा गळ पुरतो. ३० ग्रॅमचं शिसं दोरीवर सरकतं ठेवा आणि गळापासून वीतभर वर मणी बांधून अडवा. रोहू चारा चोखून उचलतो. शिसं पक्कं बांधलं तर वजन जाणवताच तो चारा टाकून देतो. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. कोरडी आवळली की घर्षणानं तंगूस तापते आणि मोठा मासा नेमकी तिथंच तोडतो.

चाऱ्याला चाळलेली शेंगदाणा पेंड २ वाट्या, भाताचा कोंडा २ वाट्या, गव्हाचं पीठ १ वाटी. पाणी शिंपडत मळा, ओतू नका. लिंबाएवढा गोळा पेल्यातल्या पाण्यात सोडून बघा: १०-१५ मिनिटांत सुटायला हवा. लगेच फुटला तर फेकतानाच उडून जाईल, थोडं पीठ वाढवा. तासभर तसाच राहिला तर वास पसरत नाही, कोंडा वाढवा. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, चारा चुकवू नका.

चिलापीचं तोंड लहान, म्हणून १० किंवा १२ नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो), गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आणि काठाजवळचं कमरेएवढं पाणी.

मरळ पाणवनस्पतींच्या कडेला मिळते. गळ बसवलेला रबरी बेडूक पानांवरून ओढत आणा. तो गडप झाला की लगेच झटका देऊ नका. दोरी ताणली जाईपर्यंत थांबा, नाहीतर बेडूक तोंडातून निसटतो. पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबूस पिल्लांचा थवा दिसला तर तिथं गळ टाकूच नका. खाली राखण करणारी जोडी असते. ती गेली की इतर मासे पिल्लं फस्त करतात.

मासेमारीचे हक्क कुणाकडे आहेत ते गावात विचारून परवानगी घ्या, लावलेल्या जाळ्यांपासून लांब बसा. काळपट, खरखरीत सकर मासा लागला तर मात्र परत पाण्यात सोडू नका. तो बाहेरचा आहे, जाळी फाडतो आणि उजनीत आधीच फार झाला आहे.