फसवी लिंक ओळखताना या चुका टाळा

वाहतूक दंडाचा संदेश मामांच्या मोबाइलवर आला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून पत्ता मोठ्याने वाचला: ‘ईचलान डॉट परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन’. एवढे वाचून त्यांचे समाधान झाले. त्याच ओळीत पुढे ‘डॉट चलान-भरा डॉट टॉप’ असेही होते, पण तिथपर्यंत त्यांची नजर गेलीच नाही. मामा निष्काळजी नाहीत. आपण सारेच मजकूर डावीकडून वाचतो आणि ओळखीचा शब्द दिसला की थांबतो; लिंक बनवणाऱ्याला ही सवय नेमकी ठाऊक असते.

वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचावा लागतो. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेषा सोडून पुढची पहिली तिरकी रेषा शोधावी आणि तिच्या लगेच डावीकडचे, डॉटने वेगळे केलेले दोन भाग पाहावेत. शेवटी ‘को डॉट इन’ किंवा ‘जीओव्ही डॉट इन’ असेल, तर तीन पाहावेत. खरा मालक तिथे कळतो. त्याच्याही डावीकडे काय लिहायचे, हे तो मालक स्वतःच ठरवतो, त्यामुळे तिथे सरकारचे किंवा बँकेचे नाव घालायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. मामांच्या संदेशातला मालक ‘चलान-भरा डॉट टॉप’ होता. ‘जीओव्ही डॉट इन’ सरकारी संस्थांनाच मिळते, मात्र ते शेवटी असले तरच त्याला अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या खास पत्त्यावर जाण्यास सांगितले होते. तिथेही हाच नियम लागू होतो.

पत्त्यात त्या तिरक्या रेषेच्या आधी ‘@’ हे चिन्ह असेल, तर त्याच्या आधीचा मजकूर ब्राउझर वेबसाइटचे नाव म्हणून धरत नाही. लहान केलेल्या लिंकमध्ये तर मालक दिसतच नाही, म्हणून पैशांच्या कामासाठी ती उघडूच नये.

दुसरी चूक ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपावर विसंबण्याची. कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की तुमची माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही; पलीकडे कोण बसले आहे, हे ते सांगत नाही, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ठकालाही फुकट मिळते. हा गैरसमज इतका पसरला होता, की गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधले ते चिन्ह बदलले.

लिंक उघडली, पण काही भरले नाही आणि काही इन्स्टॉल केले नाही, तर सहसा नुकसान होत नाही. ‘एपीके’ फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, इन्स्टॉल केली असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे, कारण असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागून ओटीपी परस्पर पळवू शकते. अशा वेळी लोक त्याच फोनवरून पासवर्ड बदलत बसतात, ही मला सर्वांत घातक चूक वाटते. आधी एअरप्लेन मोड सुरू करून वाय-फायही बंद झाल्याची खात्री करावी, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावे आणि पासवर्डही तिथूनच बदलावेत. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्वरित तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी गोठवता येते ती याच वेळात.

घाबरून किंवा लाजेने तो संदेश पुसू नये. तक्रारीत तोच पत्ता, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि वेळ लागते. मामांनी नातवाच्या फोनवरून त्या संदेशाचा फोटो काढून ठेवला होता, तोच तक्रारीला जोडता आला.