पोटाच्या दुखण्याचं निदान होत नाहीये? पुरावा पुसून टाकणाऱ्या या चुका टाळा

सोनोग्राफी नॉर्मल. एंडोस्कोपीत 'किरकोळ सूज'. रक्ताचे रिपोर्ट ठीक. तरी पोट फुगतंच, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही, आणि बाहेर जेवायची भीती बसलेली. घरचे म्हणतात, "गॅस आहे, ओवा चावून खा." महिनोन्‌महिने असं काढणाऱ्या माणसाला खरोखर काहीतरी होत असतं, हे आधी मान्य करू या. निदान रखडायची कारणं बरीच आहेत, पण त्यातलं एक आपल्या हातातलं आहे. डॉक्टरांनी बघायच्या आधीच आजाराच्या खुणा आपण पुसून टाकतो, आणि त्याही चांगल्या हेतूने.

आधी गहू सोडला, मग तपासणी केली

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. कुणीतरी सांगतं, "गहू बंद कर, बरं वाटेल." दोन महिने भाकरी खाल्ल्यावर बरं वाटतंही. मग डॉक्टर सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होण्याच्या आजाराची) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी सांगतात आणि ती निगेटिव्ह येते. ती येणारच, कारण गव्हातलं ग्लुटेन पोटात जायचं थांबलं की रक्तातली ही प्रतिपिंडं कमी होत जातात आणि लहान आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. म्हणून आधी तपासणी आणि मग पथ्य. गहू आधीच सोडला असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो पुन्हा रोज, साधारण सहा आठवडे तरी, खावा लागतो. त्रास होतो, पण त्याशिवाय उत्तर खरं मिळत नाही. सोबत एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) हेही मोजून घ्या. ते मुळातच कमी असलेल्यांमध्ये ही तपासणी फसते. एंडोस्कोपी ठरली असेल तर "लहान आतड्याचे तुकडे बायोप्सीला घेणार ना?" हे आदल्या दिवशीच विचारा. नुसत्या डोळ्यांना अस्तर ठीक दिसूनही सीलिॲक असू शकतो.

आणि निदान झाल्यावर फक्त पोळी सोडून भागत नाही. रवा, मैदा, शेवया, जव हे सगळं जातं. बांधणीच्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, म्हणजे ज्वारीच्या भाकरीसोबतच्या आमटीतूनही गहू पोटात जाऊ शकतो.

आपल्याकडे एक खूण आयती मिळते, ती म्हणजे उपवास. एकादशीला पोट शांत असतं का, ते बघा. त्या दिवशी गहू नसतो, तसेच कांदा-लसूण आणि डाळीही नसतात. त्यामुळे 'गहूच दोषी' असा निकाल लावू नका. गहू, कांदा, लसूण या तिन्हींत फ्रुक्टन नावाची साखर असते. ती आतड्यात आंबते आणि संवेदनशील पोट फुगवते. उलट, दूध-बासुंदीच्या दिवशी त्रास वाढत असेल पण ताक-दही चालत असेल, तर लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, विचार करायला हवा. हे डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे. परस्पर पाच पदार्थ कायमचे बंद करण्याजोगं नाही.

पित्ताची गोळी चालू ठेवूनच एच. पायलोरीची तपासणी

पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेत असताना एच. पायलोरीची (जठरात अल्सर करू शकणाऱ्या जंतूची) श्वासाची किंवा शौचाची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. साधारणपणे या गोळ्या 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे आधीपासून बंद असावी लागतात. (अल्सरमधून रक्तस्राव झालेल्यांनी किंवा ॲस्पिरिन चालू असलेल्यांनी हे स्वतःच्या मनाने करू नये.) रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी याच्या उलट फसवते. जंतू जाऊन वर्षं लोटली तरी ती पॉझिटिव्ह राहू शकते.

'आव पडतेय' म्हणून दर दोन महिन्यांनी मेट्रोनिडाझोलचा कोर्स घेण्याची सवयही मोडायला हवी. शौचाची तपासणी न करता घेतलेल्या अशा कोर्समुळे चित्र आणखी गढूळ होतं.

टीबी की क्रोन्स: घाईने एक बाजू धरणे

जगात टीबीचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, आणि आतड्याचा टीबी कोलोनोस्कोपीत (दुर्बिणीने मोठं आतडं पाहण्याच्या तपासणीत) हुबेहूब क्रोन्स आजारासारखा, म्हणजे जंतुसंसर्गाशिवाय आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारासारखा, दिसू शकतो. जखमा त्याच जागी, वजन घटणंही तसंच. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर संसर्ग बळावतो. क्रोन्सला टीबी समजून औषधं चालू ठेवली तर महिने फुकट जातात आणि आतडं आकसत जातं. कधीकधी बायोप्सीवरूनही फैसला होत नाही, म्हणून डॉक्टर टीबीची औषधं सुरू करून काही आठवड्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि जखमा भरल्या का ते पाहतात. इथे रुग्ण चुकतो. "आता बरं वाटतंय" म्हणून दुसरी कोलोनोस्कोपी टाळतो. टीबीच्या औषधांनी क्रोन्समध्येही तात्पुरतं बरं वाटू शकतं. त्यामुळे खरं उत्तर त्या दुसऱ्या कोलोनोस्कोपीतच असतं. ती चुकवू नका.

डॉक्टर बदलले, कागद मागेच राहिले

दुसरं मत घेणं चूक नाही. रिकाम्या हाताने जाणं ही चूक आहे. तारखेनुसार लावलेली एकच फाइल करा. सीटी स्कॅनच्या नुसत्या रिपोर्टऐवजी सीडी न्या. बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) लॅबकडून मागून घेता येतात. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने तेच तुकडे पाहिले की कधीकधी निदानच बदलतं.

औषधांची पाकिटंही न्या, मधुमेहाची, गुडघेदुखीची, सगळी. मेटफॉर्मिनने जुलाब होतात, वेदनाशामक गोळ्यांनी जठरात आणि आतड्यात जखमा होतात. वेष्टनावर काहीच न लिहिलेल्या पुड्या घेत असाल तर तेही लपवू नका. अशा पुड्यांमध्ये शिसं आणि स्टिरॉइड सापडलेलं आहे, आणि शिशाने पोटात जीवघेण्या कळा येतात. डॉक्टर रागावतील ही भीती बाजूला ठेवा.

दोन आठवड्यांची साधी नोंद करा. काय खाल्लं, किती वाजता दुखलं, शौच कशी झाली, रात्री त्यासाठी जाग आली का. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. पाळीच्या दिवसांतच शौचाला दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा) विचार व्हायला हवा, आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली, न जाणारी पोटफुगी अंडाशयाचीही तपासणी मागते. हे पोटाच्या डॉक्टरांकडे बोलायला संकोच वाटतो, म्हणून वर्षं जातात.

'आयबीएस' म्हणजे 'काही नाही' असं समजणे

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हे खरं निदान आहे. आतडी आणि मेंदू यांच्यातल्या संदेशांची गडबड, असं त्याचं स्वरूप आहे. त्यासाठी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन दिलं की अनेकजण "मला डिप्रेशनची गोळी दिली" म्हणून चिठ्ठी फाडतात. त्या मात्रेत ते आतड्याच्या नसांची वेदना कमी करायला दिलेलं असतं. 2023 मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आयबीएसच्या रुग्णांना त्याचा फायदा दिसला आहे.

पण आयबीएसचा शिक्का बसला म्हणून पुढच्या तक्रारी त्याच खात्यात टाकू नका. वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), हिमोग्लोबिन कमी होणं, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, गिळताना अडकणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच बदललेली शौचाची सवय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर: यातलं एकही असेल तर पोटविकारतज्ज्ञांकडे परत जा. जुलाब रेंगाळत असतील तर शौचातली कॅलप्रोटेक्टिन तपासणी करता येईल का ते विचारा. आतड्याला खरी सूज आहे की नाही याचा अंदाज त्यातून येतो. चिठ्ठी हातात घेऊन उठण्याआधी एवढं नक्की विचारा: "याने फरक पडला नाही तर किती दिवसांनी यायचं, आणि पुढची तपासणी कोणती?" उत्तर फाइलवर लिहून घ्या.